पाहिले, की वाटले?

आमच्या ओझरात मान वर करून पाहण्याची सवय जुनी आहे. येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला, तेव्हापासून आकाशात घरघर झाली की मुलांचे लक्ष फळ्यावरून उडालेच म्हणून समजावे. ही सवय आम्हांस पुढे एका निराळ्याच कामी आली. त्र्यंबकेश्वराकडील डोंगरांत वानरांच्या राहणीचा अभ्यास करणाऱ्या एका विदुषी बाईंच्या हाताखाली आम्ही एक पावसाळा मदतनीस म्हणून काढला.

संशोधन म्हणजे मोठे साहस, अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात काम एवढेच की, टोळी ज्या झाडावर निजली असेल त्याखाली उजाडण्यापूर्वी जाऊन उभे राहावयाचे, नराचा पहिला हुपकार कानी पडला की वेळ टिपावयाची, आणि मग सायंकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी वहीतील घरांत खुणा करावयाच्या: खाणे, चालणे, विसावा, की एकमेकांचे केस विंचरणे.

ठरावीक वेळीच का लिहावयाचे, असे आम्ही एकदा विचारले. बाई म्हणाल्या, "मन मानेल तेव्हा लिहिले, तर भांडणे आणि उड्या तेवढ्या वहीत येतात, पोटातला पाला पचवीत तासन्‌तास स्वस्थ बसलेले वानर कोणीच लिहीत नाही." जीन आल्टमन या विदुषींनी १९७४ साली एका निबंधात अशा निरीक्षणाच्या रीतींची नीट मांडणी केली आहे, हेही त्यांनीच सांगितले.

श्रावणातील एका दुपारी टोळी ओढ्यापलीकडे धुक्यात दिसेनाशी झाली. दोन तास शोधूनही सापडली नाही. वहीतील बारा घरे कोरी राहिली. दुपारी वानरे बहुधा विसावाच घेतात, हे ठाऊक होते. आम्ही बाराही घरांत "विसावा" लिहून मोकळे झालो. शनिवारी ओझरास घरी आलो व पक्की प्रत करावयास बसलो, तेव्हा त्या घरांपाशी आमची लेखणी अडली.

सोमवारी बाईंपुढे वही ठेवून खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "पाहिले, की वाटले?" मग आमच्याच हातून त्यांनी तेथे "दिसले नाही" असे लिहविले, आणि त्या आठवड्याची आमची सर्व पाने हिशेबातून बाजूस काढली. सहा दिवसांची पायपीट व्यर्थ गेली. फार वाईट वाटले. परंतु उरलेल्या पानांवर त्यांनी विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पुढे त्यांनी धारवाडची हकीकत सांगितली. १९६२ साली तेथे युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांच्या समक्ष बाहेरच्या नरांनी एका टोळीवर चाल केली, जुना नर हुसकला गेला आणि नव्या नराने टोळीतील पिले मारली. हे निसर्गक्रमास धरून आहे असे कित्येक विद्वानांस पटेना. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांच्या अभ्यासातही तोच प्रकार पुढे आला, आणि या विषयाचा विचारच पालटला. सुगियामांनी मनास पटेल ते न लिहिता डोळ्यांस दिसले ते लिहिले, म्हणून त्यांची नोंद टिकली.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मागाहून आकडे जुळविणारे विद्यार्थी आमच्याही वेळी होते. आम्ही त्यांतलेच एक. आता कोणतीही वही उघडली की, लेखणी टेकविण्यापूर्वी बाईंचा तो प्रश्न कानी येतो.