मनपाच्या धुराची वही

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात दर महिन्याला माझ्या वाट्याला एक एक्सेल शीट येते. जनरेटरनं किती डिझेल खाल्लं, मीटरवर किती युनिट पडले, एसीत किती गॅस भरला, एवढंच लिहायचं. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीला हा हिशेब द्यावाच लागतो. गणित शाळेतलं आहे. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडमधल्या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो.

मग आपल्या मनपाची अशी वही का असू नये? पूर्ण शहराची नाही म्हणत मी, फक्त मनपाच्या स्वतःच्या कारभाराची. पेंच-कन्हानचं पाणी उपसणारे पंप, रस्त्यावरचे दिवे, आपली बस, कचऱ्याच्या गाड्या, झोन ऑफिसं, शाळा, दवाखाने. एक लाख युनिटचं बिल आलं की सत्तर टन लिहायचे. बिलं तर अकाउंट्सकडे येतातच ना! नवीन काही मोजायचं नाही, भाऊ.

खरी गोम कंत्राटात आहे. पाणी ऑरेंज सिटी वॉटर चालवते, बस आणि कचरा कंत्राटदार. त्यांचं डिझेल 'आमचं नाही' म्हटलं की मनपा कागदावर एकदम स्वच्छ होते. जगभर ही पळवाट माहीत आहे, म्हणून नियम असा, की सेवा तुमची असेल तर ठेकेदाराचं इंधनही वेगळ्या रकान्यात दाखवा. मिहानचं उलटं. इथलं नियोजन विमानतळ विकास कंपनीकडे, म्हणून इथले दिवे मनपाच्या वहीत येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हद्द आधी ठरवा, मग आकडे.

सगळ्यात अवघड भांडेवाडी. ओला कचरा सडून मिथेन निघतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा. त्याला मीटर नाही. किती टन, कसला कचरा यावरूनच अंदाज बांधायचा, म्हणजे सगळी मदार वजनकाट्यावर. टनावर बिल निघत असेल तर गाडीत माती भरायचा मोह कोणाला होणार नाही? खोट्या वजनावर हवेचा हिशेबही खोटाच. तिथलंच सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, ही मात्र नागपूरची अभिमानाची गोष्ट. पण ते शुद्ध करायला लागणारी वीज वहीत आलीच पाहिजे.

मुंबई मनपानं २०२४ मध्ये क्लायमेट बजेट काढलं, ऑस्लोनं त्याच्या किती तरी आधी. आपण तेवढ्याची घाई नका करू. पुढच्या अंदाजपत्रकासोबत फक्त दोन पानं जोडा, विभागवार युनिट आणि लिटर. टनांचा गुणाकार आम्ही घरी करू. आणि नव्या प्रत्येक टेंडरमध्ये एक ओळ टाका: दर महिन्याचं डिझेल कळवल्याशिवाय बिल निघणार नाही.

तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. उत्तर आलं तर खाली टाका.