पाथर्डी रस्त्यावरचा रामराम

अहिल्यानगर शहरातून पूर्वेकडे निघणारा पाथर्डीचा रस्ता पहाटेच्या वेळी अनेकांचा असतो. भिंगार आणि लष्करी छावणीचा परिसर मागे पडू लागला की दुधाच्या किटल्या अडकवलेल्या दुचाक्या शहराकडे येताना दिसतात. शेतावर निघालेली माणसे कडेकडेने चालत असतात. त्यांच्यामधून शहरातील सायकलस्वारांचे लहानमोठे गट चांदबिबी महालाच्या दिशेने जातात. हा रस्ता आज कल्याण–विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. मधला भाग मोटारींचा आणि मालट्रकांचा. पायी चालणारा आणि सायकल चालविणारा यांच्या वाट्याला कडेची पट्टी येते, आणि ती दोघांना वाटून घ्यावी लागते.

शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर शाह डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. लोक तिला चांदबिबी महाल म्हणतात; वस्तुतः ती सोळाव्या शतकात मुर्तजा निजामशाहाचा मंत्री असलेल्या सलाबतखानाची कबर आहे. तेथवरचा चढ हा नगरच्या सायकलस्वारांचा नित्याचा अभ्यास. या चढावर एक न लिहिलेला नियम पाळला जातो. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढणाऱ्याची गती एकदा मोडली की पुन्हा जुळवताना दम लागतो. उतरणारा वेग आवरतो, मूठ न सोडता दोन बोटे उचलतो आणि ‘आलंच वर, दादा!’ असे म्हणून पुढे जातो. नाव-गाव कोणी विचारत नाही. तरी चढणाऱ्याच्या पायांत थोडे बळ येते.

खाली सपाटीवर हा संवाद आणखी विविध होतो. शेतकऱ्याला ‘रामराम’, माळकऱ्याला ‘जय हरी’ किंवा ‘माउली’, छावणीतल्या जवानाला ‘जय हिंद’ आणि ओळखीच्या श्रावकाला ‘जय जिनेंद्र’. शब्द निराळे असले तरी त्यांची घडण एकच आहे. त्यांत प्रश्न नसतो आणि उत्तर म्हणून तोच शब्द परत करायचा असतो. त्यामुळे कोणाला थांबावे लागत नाही, आणि कोणी न पाहिल्यासारखा जातही नाही.

नगरच्या व्यापारी घराण्यांना ही रीत परकी नाही. गावोगावच्या आठवडे बाजारांना सायकलच्या कॅरियरवर कापडाचा गठ्ठा बांधून जाणारी पिढी अजून अनेक घरांच्या आठवणीत आहे. त्या वाटेवर प्रत्येक भेटणाऱ्याला केलेला रामराम हा शिष्टाचार होताच, पण पतही होती. ज्याला वाटेवरची माणसे ओळखत, त्याचे उधारीचे पैसे बुडत नसत आणि चाक पंक्चर झाले तर गठ्ठा ठेवायला ओसरी मिळत असे. आज त्याच घरांतील मुले हलक्या, गिअरच्या सायकलींवर त्याच रस्त्याने जातात. वेग वाढला आहे, कानांत गाणी आहेत, आणि किती किलोमीटर किती मिनिटांत झाले याचा हिशेब मोबाइल ठेवतो. रामराम मात्र त्या हिशेबात धरला जात नाही.

तो का धरावा, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला ५ मीटर पुढे सरकते; ताशी साडेचार किलोमीटर चालणारा माणूस सव्वा मीटर. म्हणजे मागून येणारी सायकल त्याला दर सेकंदाला पावणेचार मीटरने गाठत असते. तीस मीटरवरून घंटी वाजविली तर चालणाऱ्याला सावरायला आठ सेकंद मिळतात. सहा मीटरवरून वाजविली तर जेमतेम दीड. आठ सेकंदांत म्हातारा माणूसही वळून पाहतो आणि कडेला होतो. दीड सेकंदात तो दचकतो, आणि दचकलेला माणूस कोणत्या बाजूला सरेल हे सांगता येत नाही. म्हणून घंटी लांबून, मग मुखाने ‘रामराम बाबा, उजवीकडून येतोय’, आणि त्यानंतर वाट. उसाच्या हंगामात बैलगाडी पुढे असेल तर घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. गाडीवानाला तो कळतो आणि बैल बुजत नाहीत.

याच रस्त्याने जैन साधु-साध्वींचा विहारही होतो. पाथर्डी तालुका ही आचार्य आनंदऋषिजींची भूमी. १९०० साली चिचोंडी येथे त्यांचा जन्म झाला, १९१३ मध्ये मिरी येथे दीक्षा झाली आणि १९९२ मध्ये नगर शहरात त्यांनी देह ठेवला. चातुर्मास संपला की या भागात अनवाणी पावले पुन्हा चालू लागतात. ईर्यासमितीप्रमाणे त्यांची दृष्टी पुढच्या सुमारे चार हात जमिनीवर असते, कारण पायाखाली जीव येऊ नये. पण जो मुंगीला जपण्यासाठी खाली पाहतो, त्याला मागून येणारे चाक दिसणार नाही. ते पाहण्याचे काम चाकावर बसलेल्याचे आहे. विहारातील साधु-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत असतात, आणि प्रत्येक बातमीनंतर हळहळ होते. ज्याच्या घरी ती हळहळ होते, त्याच्या मुलाने कडेच्या पट्टीवर वेग कमी केला तर ती वंदना अधिक खरी ठरेल.

येथे श्रद्धेचाही विवेक लागतो. साध्वीजी दिसताच रस्त्याच्या मधोमध सायकल थांबविणे किंवा घोळक्याने त्यांना गाठणे हे त्यांनाही धोक्याचे. सायकल डांबराखाली उतरवावी, दुरूनच ‘मत्थएण वंदामि’ म्हणावे आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नये. त्यांचे मौन असू शकते. विहारसेवेला जाणाऱ्या तरुणांनी पुढे आणि मागे राहून येणाऱ्या वाहनांना हात दाखविला तर सायकलचा याहून चांगला उपयोग नाही.

नवरात्रात मोहटादेवीला आणि होळीनंतरच्या दिवसांत मढीच्या कानिफनाथांना निघालेल्या पायी भाविकांनी हीच कडेची पट्टी भरून जाते. त्यांतील अनेकजण रात्री चालतात. तेव्हा सायकलला पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा हवा, गटाने एका रांगेत जायला हवे आणि पुढच्याने ‘खड्डा’ किंवा ‘माणूस’ असे मोठ्याने सांगायला हवे. भाविक ‘माउली’ म्हणाले तर ‘माउली’ म्हणावे. करंजीच्या घाटाकडे रस्ता लांब पसरलेला असतो, आणि समोरून येणाऱ्याने आपल्याला पाहिले आहे ही खात्री त्या एका शब्दाने होते.