हवा थोडी कमी करा!

ऑनसाइट जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोटोंमध्ये तीन गोष्टी हमखास असतात. नायगारा, लास व्हेगास आणि गोल्डन गेटसमोर गॉगल लावून दिलेली पोझ. ठीक आहे, तेही करायलाच हवं! पण तुमचं पोस्टिंग वेस्ट कोस्टला, त्यातही पोर्टलंड-हिल्सबरोच्या चिपवाल्या पट्ट्यात असेल, तर एक लाँग वीकेण्ड ऑरेगन ड्यून्ससाठी राखून ठेवा. आणि सोबत एखादं चळवळं पोर असेल, तर हे पान कापूनच ठेवा.

पोर्टलंडहून गाडीनं साधारण तीन तासांवर फ्लॉरेन्स हे समुद्राकाठचं छोटंसं गाव लागतं. तिथून दक्षिणेला कूस बेपर्यंत सुमारे ४० मैल नुसती वाळू. एका हाताला पॅसिफिक, दुसऱ्या हाताला गर्द सूचिपर्णी जंगल आणि मध्ये वाळूचे डोंगर. काही टेकड्या तर समुद्रसपाटीपासून ५०० फुटांपर्यंत चढतात. १९७२ मध्ये हा पट्टा ‘नॅशनल रिक्रिएशन एरिया’ म्हणून जाहीर झाला. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये फ्रँक हर्बर्ट नावाचा पत्रकार इथे आला होता. सरकती वाळू थोपवण्यासाठी इथे लावलेल्या गवतावर त्याला लेख लिहायचा होता. त्या वाळूनं त्याला असं काही पछाडलं की १९६५ मध्ये ‘ड्यून’ ही कादंबरी आली. २०२१ आणि २०२४ चे ते भव्य सिनेमे याच कादंबरीवरचे!

वाळू म्हणजे राजस्थान, असं समजून नुसत्या टी-शर्टवर जाऊ नका. भर उन्हाळ्यातही दुपारनंतर वारा असा सुटतो की जॅकेटशिवाय निभाव लागत नाही. ज्यांना फक्त शांतता हवी, त्यांच्यासाठी पायी हिंडायचे वेगळे भाग आहेत. फ्लॉरेन्सजवळच्या हनीमन स्टेट पार्कमध्ये तर वाळूची टेकडी थेट तळ्यात उतरते. पोरं वरून घसरत येतात ती डायरेक्ट पाण्यात. एकदम धमाल!

पण इथे येणाऱ्या बऱ्याच जणांना शांतता नको असते, त्यांना एटीव्ही हवी असते. चार फुगीर टायरांची, रांगड्या दिसणारी ही गाडी. मोठ्यांसाठी मोठी आणि मुलांसाठी तिचंच पिल्लू.

पिल्लूही दणके देतं

माझ्या भावोजींनी नऊ वर्षांच्या लेकीसाठी असं एक सेकंडहँड पिल्लू घेतलं. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, गॉगल, सगळा जामानिमा झाला. पहिल्या वीस मिनिटांतच भाची गाडी थांबवून म्हणाली, ‘मामा, हात झिणझिणतायत. पाठपण दुखतेय.’ ताईनं ताबडतोब निकाल दिला, ‘बास, गाडी विकून टाका.’ भावोजींचं म्हणणं, ‘सवय होईल.’

दोघांच्या मध्ये एक तिसरा मुद्दा होता. मुलीचं वजन जेमतेम २४ किलो, आणि मुलांच्या गाडीच्या स्प्रिंगा त्याहून बऱ्याच जड मुलाचाही विचार करून बसवलेल्या असतात. हलकं मूल बसलं की स्प्रिंग दबतच नाही. मग वाळूतला प्रत्येक उंचवटा थेट मनगटात आणि कण्यात जातो. ट्रेलवर तर गाड्यांच्या येण्या-जाण्यानं वाळूच्या लाटाच तयार होतात, ओळीनं. त्यावरून जाणं म्हणजे पावसाळ्यातल्या सर्व्हिस रोडवरून रिक्षानं जाणं!

यावर उपाय काय? सवय नव्हे. पहिला उपाय चक्क फुकट आहे.

टायर हाच शॉकअप

होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी ‘यूएस ९०’ आणली, तेव्हा तिला सस्पेन्शन नव्हतंच. फुगीर, कमी हवेचे टायर हाच तिचा शॉकअप. पुढे तीनचाक्या उलटतात म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि १९८८ मध्ये नव्या गाड्यांची विक्री थांबली. चारचाक्या राहिल्या, पण टायरचा फंडा तोच.

आपल्या कारमध्ये साधारण ३०-३२ पीएसआय हवा असते. एटीव्हीला बहुतेक वेळा २ ते ५ पुरते! नेमका आकडा टायरच्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. कारच्या गेजवर इतकं कमी प्रेशर धड वाचताच येत नाही, त्यासाठी कमी प्रेशरचा वेगळा गेज घ्यावा लागतो. भावोजींनी कारचा अंदाज लावून हवा मारली होती. गेज लावून ती छापील आकड्यावर आणली आणि अर्धा दणका तिथेच गेला. मात्र त्याहीपेक्षा कमी केली, तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

दुसरा उपाय आपल्याला पाठच आहे. डबलसीट लांब जायचं असलं की आपण गॅरेजवाल्याकडून बाइकचे मागचे शॉकअप ‘हार्ड’ करून घेतो ना? इथे नेमकं उलटं करायचं. स्प्रिंगवरची रिंग फिरवून सगळ्यात सॉफ्ट खाचेत आणायची. मग मुलाला पूर्ण जामानिम्यासकट बसवायचं आणि गाडी किती खाली बसते ते टेपनं मोजायचं. शॉकअपच्या एकूण चालीच्या पाव ते तृतीयांश बसली, तर उत्तम. रिंग फिरवल्यानं स्प्रिंग मऊ होत नाही, तिच्यावरचा आधीचा ताण फक्त कमी होतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर मऊ स्प्रिंगच बदलून घ्यायची. कापायची मात्र नाही! वेढे कमी झाले की स्प्रिंग उलट आणखी कडक होते.

तिसरं काम ग्रीसचं. जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचे सांधे वाळूनं आणि गंजानं अडकतात. स्प्रिंग चांगली असूनही चाक हलत नाही. सांधे साफ करून ग्रीस भरलं की गाडी दहा वर्षांनी तरुण होते.

आणि चौथा शॉकअप मुलांचे गुडघे. उंचवटा आला की सीटवरून किंचित उठायचं, गुडघे-कोपरं सैल ठेवायची. हे जमण्यासाठी गाडीवर उभं राहिल्यावर मूल आणि सीट यांत तीनेक इंच अंतर हवं आणि ब्रेकपर्यंत बोटं पोचायला हवीत. तेवढं जमत नसेल, तर ती गाडी त्या मुलाची नाही, विषय संपला.

मऊ म्हणजे सेफ नव्हे

इथे ताईच्या बाजूनं बोलायलाच हवं. दणके बसतात तेव्हा मूल आपोआप हळू चालवतं. दणके गेले की वेग कळतच नाही. त्यात फारच मऊ गाडी वळणावर कलते. म्हणून सस्पेन्शन मऊ केलं, त्याच दिवशी आम्ही थ्रॉटलचा लिमिटर स्क्रू आवळला. अमेरिकन स्टँडर्डनुसार सहा वर्षांवरच्या मुलांच्या गाडीचा वेग जास्तीत जास्त १५ मैलांवर, म्हणजे ताशी २४ किलोमीटरवर रोखलेला असतो आणि लिमिटर लावून तो १० मैलांपर्यंत खाली आणता येतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर याहून कडक आहे: सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. ऑरेगनचा कायदा परवानगी देतो, पण सोळाच्या आत सेफ्टी कोर्स आणि मोठ्या माणसाची नजर लागतेच.

आमच्या घरात शेवटी तह झाला. सपाट वाळू, वीस-वीस मिनिटांचे राउंड, बाबा पुढे. टेकडीच्या माथ्यावर बंदी, कारण पलीकडचा उतार एकदम कड्यासारखा तुटतो आणि चढताना तो दिसत नाही. भाची खूश, पाठ ठीक. ताई अजूनही प्रत्येक राउंडला उभी राहून बघते आणि ते बरोबरच आहे.

आणि हो, एटीव्हीची चक्कर कोकणातल्या बीचवर किंवा लोणावळ्याच्या आसपासही मिळते. तिथे पोरानं हट्ट धरला, तर तिकीट काढण्याआधी टायर अंगठ्यानं दाबून बघा. दगडासारखा लागला, हेल्मेट डोक्यावर डुगडुगलं किंवा बोटं ब्रेकपर्यंत पोचली नाहीत, तर सरळ भेळ खायला घेऊन जा!

जाताना हे लक्षात ठेवा

- ड्यून्समध्ये एटीव्हीवर लाल किंवा केशरी झेंडा लागतो, जमिनीपासून नऊ फूट उंच. टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून.
- अठरा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घाला, पोरं बघत असतात.
- वारा वाढायच्या आत, सकाळीच राउंड उरकून घ्या. दुपार तळ्यासाठी ठेवा.