एका टिंबाची मालकी

बेंगळुरूला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलो, तेव्हा मल्लेश्वरमला आयुष्य काढलेल्या माझ्या मामांची इंग्रजी रोजनिशी हाती आली. इंग्रजी न येणाऱ्या मावशीसाठी तिची काही पाने मी मराठीत उतरविली. मिरजेच्या घराचा उल्लेख तीत ‘सिस्टर्स हाउस’ असा होता. मी लिहिले, ‘बहिणीचे घर’. मावशी अकाली वैधव्य आल्यापासून त्याच घरात राहिलेली. वाचून ती एवढेच म्हणाली, “म्हणजे तुझ्या आईचं. मी तिथे चाळीस वर्षं पाहुणीच होते म्हणायची!”

मूळ पान पुन्हा पाहिले. अपॉस्ट्रफी ‘एस’च्या आधी नव्हती, नंतर होती. मामांनी दोन्ही बहिणी मोजल्या होत्या; एक मी गाळली होती.

इंग्रजीत अनेकवचन ‘एस’ने होते आणि षष्ठीही ‘एस’नेच. अनेक बहिणी, एका बहिणीचे, अनेक बहिणींचे, या तिन्ही अर्थी उच्चार एकच. जुन्या इंग्रजीतील षष्ठीच्या प्रत्ययातला स्वर गळाला, त्या लोपाची खूण म्हणून आलेले चिन्ह पुढे स्वामित्वाची निशाणी झाले. कानाला न कळणारा भेद ते केवळ डोळ्यांना दाखविते.

विभक्तिसंपन्न मराठीत असा घोटाळा संभवत नाही, असे मी वर्गात अभिमानाने सांगत आलो होतो. पण आपला षष्ठीचा प्रत्यय लिंगवचन घेतो ते वस्तूचे: आईचा हात, आईची साडी, आईचे घर. मालक एक की अनेक, हे सांगण्याचे काम सामान्यरूपाकडे. आणि ‘बहिणीचे’ व ‘बहिणींचे’ यांत अंतर एका टिंबाचे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार राखला, तो उगीच नव्हे. बोलण्यात मात्र तो पुष्कळदा विरून जातो.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना कन्नड रूपे विचारली. ‘तंगिय मने’ म्हणजे एका धाकट्या बहिणीचे घर. ‘तंगियर मने’ म्हणजे अनेकींचे. तेथे अनेकत्वासाठी ‘र’ हे आख्खे अक्षर उभे असते. ते सहजासहजी गळत नाही.

मावशीला पान दुरुस्त करून पाठविले. टिंब तिच्या नजरेला दिसावे म्हणून जरा ठळकच दिले.