चिठ्ठीवरची गोळी

छत्रपती संभाजीनगरात पोलीस नशेच्या ‘बटन’ गोळ्या पकडतात आणि व्यसन म्हणजे गल्लीतल्या पोरांचं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, उशाखालची, चिंतेवरच्या अल्प्राझोलामची पट्टीही तपासावी. डॉक्टरांनीच लिहून दिली ना, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये बजावलं, की या जातीची गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली तरी काही दिवस-आठवड्यांत शरीराला तिची सवय जडू शकते. एखादी गोळी चुकली की हात थरथरतात, झोप उडते, पट्टीत दोनच उरल्या की जीव कासावीस होतो. मूळ चिंताच परतली असं वाटतं. पुष्कळदा ते गोळी सुटल्याचं लक्षण असतं. म्हणून घाबरून एकदम बंद करणंही धोक्याचं, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा हळूहळू उतरवावी, महिने लागले तरी.