आज्याचा बिल्ला

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आज्याच्या टोपीचा बिल्ला आहे. महार रेजिमेंटचा. त्यावर कोरेगावचा खांब. पुढं फौजेनं बिल्ला बदलला, आज्यानं जुना टाकला नाही.

1818 ची ती लढाई. समोर पेशवा, आपण कंपनी सरकारच्या फौजेत. आता सांगा दोस्तहो, ही देशभक्ती की देशद्रोह? ज्या राज्यात आपली सावलीबी विटाळ, ते राज्य आपलं असं कुणी ठरवलं? आणि इंग्रजानं तरी काय केलं? 1890 नंतर महारांची भरतीच बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 ला अर्ज लिहिला, उपयोग शून्य. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी महारांची पलटण उभारली, काम झाल्यावर मोडली. गरज सरो, वैद्य मरो. 1941 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी रेटलं, तेव्हा बेळगावात रेजिमेंट उभी राहिली. आजा तिथला.

तो सुट्टीवर यायचा तेव्हा देश स्वतंत्र झालेला. गावच्या हाटेलात त्याची कपबशी मात्र भाईर, वळचणीला. "सरहद्दीवर म्या समद्यांचा असतो रं, येशीत आलो की महारवाड्याचा," म्हणायचा. तरी रजा संपली की बूट चकाकवून निघायचा.

1931 साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सुनावलं, की मला मायभूमीच नाही. तोच माणूस पुढं ह्या देशाची घटना लिहायला बसला. पंडितांना ह्यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. ज्याला देश जन्मासोबत फुकट मिळाला तो त्याची आरती करतो. आपल्याला तो भांडून, लिहून घ्यावा लागला. म्हणून आपला जीव कलम 17 मध्ये अडकलाय.

2018 च्या ऑगस्टात दिल्लीत, जंतरमंतरवर, घटनेची प्रत जाळली. कळलं त्या दिवशी आमच्या वस्तीत चुली पेटल्या नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या विहारात येऊन बसल्या, घरात मयत झाल्यागत. मग आलाच 15 ऑगस्ट. हापिसात झेंडावंदन झालं, लाडू वाटले. शेजारच्या टेबलाचे साहेब, माणूस वाईट नाही, मला म्हणाले, "तुम्ही लोक देशाबद्दल असे थंड का हो?"

मी म्हटलं, "गेल्या आठवड्यात दिल्लीत घटना जाळली. तुम्हाला काय वाटलं?"

लाडू तसाच तोंडात. "कुठली घटना?"