झिजले तेवढेच

परिग्रहाचे परिमाण करणाऱ्या श्रावकाने किती वस्तू ठेवाव्यात, याची चर्चा पुष्कळ होते. ठेवलेली वस्तू कशी वापरावी, याची मात्र कमी होते. भुसार बाजारातील एका कुटुंबापुढे हा दुसरा प्रश्न जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीने उभा केला. सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ही गाडी. शिवाय आजोबांनी घेतलेली. त्यामुळे घरात तिच्याविषयी जिव्हाळा होता. पण वेग वाढवताच ती निळसर धूर सोडू लागली. असा धूर म्हणजे इंजिनात तेल जळत असल्याची खूण, आणि तो मालकापेक्षा मागून येणाऱ्याच्या छातीत अधिक जातो. दुरुस्तीनंतरही धूर राहिला तर गाडी मोडीत द्यायची, असे वडिलांनी आधीच ठरवले.

चिरंजीवांनी पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह अशी लांबलचक यादी केली होती. वडिलांनी आधी मापे घ्यायला लावली. प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब पाहिला. दोहोंत तो कमी भरला. त्यांत चमचाभर इंजिन ऑइल सोडताच दाब वाढला. तेल रिंगांभोवतीची फट क्षणभर बुजवते. म्हणून दोष मुख्यतः रिंगांचा ठरला. दाब वाढला नसता, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे पाहावे लागले असते.

हेड उतरल्यावर लेथ वर्कशॉपच्या कारागिराने घरी येऊन बोअर मापले. झीज मर्यादेत होती. नसती, तर घरचे काम तेथेच थांबले असते. बेअरिंगही चांगली निघाली, म्हणून यादीतून खोडली. नवी रिंग बसवण्यापूर्वी ती सिलिंडरमध्ये सरळ ठेवून तोंडाची फट फीलर गेजने तपासली. फट फार कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोके भिडतात आणि ती मोडते. पिस्टन आपापल्या सिलिंडरमध्येच परत गेले. हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले.

या कामात जयणाही पाळली गेली. जागा मऊ झाडूने झाडून घेतली. दिव्याकडे कीटक ओढले जातात, म्हणून सूर्यास्तापूर्वी हात थांबले. उघडे सिलिंडर स्वच्छ कापडाने झाकले. त्याने जीवही वाचले आणि इंजिनही. काढलेले काळे तेल गटारात न ओतता डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे दिले.

नव्या रिंगा बसायला काही अंतर चालावे लागते. तेवढे चालल्यावर धूर थांबला आणि गाडी घरात राहिली. खर्च वहीत मांडला गेला. न घेतलेल्या सुट्या भागांचे पैसे वाचले. व्यापाऱ्याला हा हिशेब सहज कळतो. मापल्याशिवाय चांगली वस्तू टाकणे हा अपव्यय, आणि माप विरुद्ध गेल्यावरही जुनी वस्तू धरून ठेवणे हा मोह. दोहोंपासून दूर राहायचे, तर आधी माप घेण्याचा धीर हवा.